काळ्या कापडाखालची

माझ्या मामाला कोणाचाही चेहरा आहे तसा बघवत नसे. तो टोचून बोलणारा नव्हता. उलट इतका भिडस्त, की दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तर तीच वापरून संपवायचा. पण त्याचा धंदाच तसा होता. फोटो स्टुडिओत तो रिटचिंग करायचा. लोक येत, फोटो काढून जात, आणि मग त्यांच्या निगेटिव्हवर, म्हणजे चेहरा उमटलेल्या काचेच्या प्लेटवर, मामा टोकदार पेन्सिल घेऊन बसे आणि सुरकुत्या, वण, मुरुम, डोळ्यांखालची वर्तुळं एकेक करून नाहीशी करे. एकोणचाळीस वर्षं त्याने हेच केलं. गल्लीत त्याला सगळे ‘साफसूफ’ म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देई.

माझ्या उजव्या गालावर कांजिण्यांचे तीन खड्डे आहेत. चांगले ठसठशीत, बोट लावलं तर कळतील असे. शाळेच्या ओळखपत्रावरच्या फोटोत त्यातला एकही नव्हता. परीक्षेला बसले तेव्हा पर्यवेक्षक बाईंनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हा थोरल्या बहिणीचा आणलास का?” मामीचं तर याहून वाईट. लग्नातल्या फोटोत तिचं नाक मामाने इतकं सुधारलं होतं, की ती म्हणायची, “पहिले सहा महिने मी विचारत होते, ही सवत कोण आणून टांगलीय भिंतीवर.”

स्टुडिओ सायकलींच्या दुकानावर, अरुंद जिन्याने वर गेलं की होता. मामाची जागा उत्तरेच्या खिडकीशी. उतरतं लाकडी डेस्क, त्याच्या मधोमध चौकोनी भोक, भोकाखाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावर पडून खालून निगेटिव्हमधून वर येई. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. काळे केस पांढरे, पांढरे दात काळे, आणि डोळ्यांच्या जागी फिकट भोकं. पहिल्यांदा वाकून बघितलं तेव्हा मी किंचाळले होते. मामा म्हणाला, “घाबरतेस काय? माणूस आतून असाच असतो. बाहेर आला की सरळ होतो.” लहान मुलीला धीर द्यायची त्याची ही तऱ्हा.

आता मुख्य गोष्ट. तान्ह्या मुलाचा फोटो काढायचा तर ते एकटं बसत नाही आणि बसलं तर हलतं. म्हणून स्टुडिओत एक पद्धत होती. काळ्या पडद्यापुढे खुर्चीत आईला बसवायचं, तिच्यावर डोक्यापासून पायापर्यंत काळं कापड टाकायचं आणि कापडावर, तिच्या मांडीवर, मूल ठेवायचं. आईने कापडाखालून, नाहीतर कापडाच्या फटीतून बोटं काढून मुलाला धरायचं. फोटोत मग काळोखात तरंगणारं गुटगुटीत बाळ दिसे. कापडाची एखादी चुणी, बोटाचं एखादं पेर चुकून दिसलंच तर ते ब्लेडने अलगद खरवडायचं काम मामाचं. अशा किती आया त्याने खरवडल्या त्याचा हिशेब त्याच्याकडेही नव्हता. आया खूश असत. फोटो बाळाचा होता, त्यांचा नव्हताच.

माझाही तसा एक फोटो आहे. आठ महिन्यांची मी, फ्रॉक, कपाळावर कुरळी बट, चेहऱ्यावर जगाबद्दल तक्रार. माझ्यामागे काळोख. त्या काळोखात माझी आई आहे.

ती मामाची धाकटी बहीण. फोटो काढला त्यानंतर आठव्या दिवशी तापाने गेली. वडील बोटीवर नोकरीला होते. ते त्याआधीच समुद्रावर गेले होते आणि दोन पत्रांनंतर त्यांचंही काही कळलं नाही. मला मामाने वाढवलं. मामी लग्न होऊन आली ती त्यानंतर, म्हणजे तिनेही आईला पाहिलेलं नाही. आणि आईचा फोटो एकही नाही. भाऊ स्टुडिओत कामाला, मग काय, कधीही काढता येईल, असं म्हणत राहून गेलं. सगळ्या गावाचे चेहरे ज्याच्या हाताखालून गेले, त्याच्या घरात हिचा चेहरा नाही. तिला पाहिलेलं एकच माणूस माझ्या आयुष्यात उरलं होतं, ते म्हणजे मामा.

त्या फोटोत एक चूक आहे. माझ्या फ्रॉकच्या चुणीत, डाव्या बाजूला, अंगठ्याचं टोक दिसतं. तांदळाच्या दाण्याएवढं, पण नख ओळखू येतं. मामाच्या हातून राहिलेली मला माहीत असलेली ती एकच गोष्ट. लहानपणी मी त्यावर माझा अंगठा टेकवून बघायची.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीलाही स्टुडिओच्याच काचा होत्या. जुन्या निगेटिव्ह गरम पाण्यात घासून धुतल्या की वरचा थर निघून साधी काच उरते; मालक त्या फेकून द्यायचे, मामा घरी आणायचा. सगळ्या नीट धुतल्या जात नसत. दुपारी ऊन तिरपं झालं की समोरच्या भिंतीवर उजेडाचे चौकोन पडत आणि त्यात काही धूसर आकार दिसत. टोपीवाला माणूस. कोणाच्या तरी खांद्यावरचा हात. एक बाई, जिला मान होती आणि वर काही नव्हतं. मामी तिथेच भाजी चिरत बसे आणि म्हणे, “आली बघ पाहुणेमंडळी. चहा मागत नाहीत हे काय कमी आहे!” मला त्यांची भीती वाटत नसे. मी त्यांच्यात आई शोधायची.

आणि मग मामाची चित्रं.

मी शाळेतून आले की तो बिघडलेल्या फोटोंचे पुठ्ठे काढी आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आईच्या लहानपणाची गोष्ट सांगे. सांगे म्हणजे काढे. तोंडाने फारसं काही नाही. आधी कुंपणाची भिंत यायची. मग भिंतीवर दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली. मग खाली शेजारणीची शेळी. शेळी आली की मला कळायचं, आता काहीतरी खाल्लं जाणार, आणि खरंच, पुढच्या पुठ्ठ्यावर शेळीच्या तोंडात चित्रकलेची वही असायची. सर्कशीच्या तंबूच्या फटीतून डोकावणारी आई. पाण्याच्या टाकीवर चढलेली आई, आणि खाली हात पसरून उभा असलेला, रडकुंडीला आलेला मामा. मी हसून लोळायची. पण प्रत्येक चित्रात ती पाठमोरी असायची.

“तोंड काढ ना,” मी म्हणायची.

“पुढच्या खेपेला,” मामा म्हणायचा.

मी काही गप्प बसणारी मुलगी नव्हते. रोज विचारायची. रोज पुढच्या खेपेला. एकदा चिडून मी त्याची पेन्सिल खिडकीबाहेर फेकली. तो चप्पल घालून खाली गेला, पेन्सिल शोधून आणली, टोक काढलं आणि पुन्हा पाठमोरीच काढली.

पुढे काय झालं ते नेमकं सांगायला हवं, कारण मी स्वतः अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. एका दुपारी तो टाकीची शिडी काढत होता. मी म्हटलं, “तिसरी पायरी मोडकी आहे. तिथे दोरी बांधलेली.” मामाचा हात थांबला. “हे मी सांगितलं होतं का?” मी म्हटलं, सांगितलंच असशील. त्याने दोरी काढली. मग हे वरचेवर व्हायला लागलं. शेळीच्या एका शिंगाला पिवळा रंग लागलेला. सर्कशीतल्या घोड्याचा वास. जिन्याखालचा हिरवा पत्र्याचा डबा, त्याचं झाकण उघडताना करंगळीला झालेली जखम. मी सांगायची आणि मामा काढायचा. कोण कोणाला गोष्ट सांगतंय हेच कळेनासं झालं. मामी एकदा दारातून ऐकत उभी होती. त्या रात्री तिने मला दिवाणखान्यात, स्वतःजवळ झोपायला घेतलं.

मी नऊ वर्षांची असेन. मामा चित्र काढत होता, मी त्याच्या खुर्चीला टेकून उभी होते. मी सहज म्हटलं, “मामा, मला माझा फोटो काढल्याचं आठवतं.”

“छट्! आठ महिन्यांची होतीस.”

“नाही, आठवतं. काळोख होता. कापडाला तो फोटो धुवायच्या हायपोचा आंबट वास येत होता. श्वास गरम गरम परत तोंडावर यायचा. डावा डोळा ठणकत होता. आणि मांडीवर मी होते.”

“कोणाच्या मांडीवर?”

“माझ्याच,” मी म्हटलं. “मी बसले होते आणि माझ्या मांडीवर मी होते. जड होते मी. पाय झाडत होते. अंगठ्याने घट्ट धरलं होतं मी मला.”

पेन्सिलीचं टोक मोडलं. मामाने माझ्याकडे बघितलं. तसं त्याने ना त्याआधी कधी बघितलं, ना त्यानंतर. त्याच्या ओठांचा रंग गेला होता. “आणखी काय आठवतं?” त्याने विचारलं.

आणखी आठवत होतं. काही शब्द आठवत होते, कापडाखालून बोललेले, आणि त्यांना बाहेरून आलेलं उत्तर. पण मामाचं ते तोंड बघून मी ते गिळले. “काही नाही,” मी म्हटलं.

त्याने पुठ्ठे गोळा केले, दोरीने बांधले आणि कपाटावर ठेवले. त्यानंतर त्याने मला आईची गोष्ट कधीही काढून दाखवली नाही. मीही तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. ते ओझं मात्र अधूनमधून येत राहिलं. बसमध्ये, परीक्षेत, पुढे कामाच्या टेबलाशी, बसल्या जागी मांडीवर मऊ, जिवंत, आठेक किलोचं काहीतरी येऊन बसे आणि पाय झाडे. कोणाला सांगितलं असतं तर त्यांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं. मला ते येणं आवडायचं.

मी चित्रकार झाले. मोठं काही नाही. शाळेच्या पुस्तकांत चित्रं काढते. ससा, बस, पाऊस, पोस्टमन. स्टुडिओ बंद पडला, मालक वारले. मामा घरी बसून वर्तमानपत्रातल्या पुढाऱ्यांच्या फोटोंवरचे मस पेन्सिलीने घालवत असे. आणि मग त्याचे डोळे गेले. तेही धड गेले नाहीत. कडेचं सगळं दिसे. दाराची चौकट, कपाची कड, माझा कान. जिथे सरळ बघावं ते मधलं तेवढं पुसलं जाई. डॉक्टर म्हणाले, याला उपाय नाही. म्हणजे त्याला माणसं दिसत होती, त्यांचे कपडे, हात दिसत होते, आणि तोंडाच्या जागी नुसता करडा ठिपका. “सगळेच आता कापडाखाली बसलेत,” तो म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही.

त्यापाठोपाठ त्याची आठवणही ठिकठिकाणी विरायला लागली. एक दिवस मामीचा फोन आला. “आज त्यांनी मला विचारलं, ही खिडकी कोणी बसवली. तुला जे विचारायचंय ते ये आणि विचारून घे बाई. मग म्हणू नकोस मामीने कळवलं नाही.”

मी रजा टाकून गेले. मामाला सरळ सांगितलं, “मला आईचा चेहरा हवाय. तू सांग, मी काढते. पुढच्या खेपेला चालणार नाही.”

त्याने होकारार्थी मान हलवली. मामीने कपाटावरचे, प्लेटच्याच मापाचे म्हणजे हाफ साइजचे, जुने पुठ्ठे काढून दिले. त्यांच्यावरची दोरी अजून तशीच होती.

“कपाळ मोठं,” मामा म्हणाला. “नाक सरळ. डोळे मोठे. हनुवटी गोल.” मी काढलं. एक छान बाई तयार झाली. कॅलेंडरवर असते तशी. मी त्याला वर्णन करून सांगितलं, तो म्हणाला, “हो, अशीच.” पण त्याच्या आवाजात जीव नव्हता, आणि मला ही बाई कोण ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी वैतागले.

“अरे, काहीतरी वेडंवाकडं सांग ना! एखादा तीळ, एखादा दात! माणूस होती का वाटीतलं दही?”

मामा रडायला लागला. म्हातारा माणूस रडताना बघणं फार वाईट. “वेडंवाकडं नाही उरलं गं,” तो म्हणाला. “ती गेल्यावर मी रोज तिला मनात काढायचो. कोणी मागितलं नव्हतं. पण हाताला सवय. आज इथली खोक घालवली, उद्या तिथला डाग. वाटायचं, किती छान दिसतेय. आता आठवायला गेलो की ही साफ केलेलीच समोर येते. तुला तोंड का काढून देत नव्हतो? काढायचो मी, तू झोपलीस की. दर वेळी ही निघायची. मी तिला इतकी साफ केली की ती उरलीच नाही.”

मला त्याचा राग आला, तो लपवत नाही. जगातल्या एकाच माणसाकडे माझी आई ठेवायला दिलेली होती आणि त्याने ती घासून घासून संपवली. मी पेन्सिल खाली ठेवली. आता गेलंच सगळं तर ते शब्द तरी कशाला धरून ठेवायचे, असं वाटलं.

“मामा,” मी म्हटलं, “तू मला विचारलं होतंस, आणखी काय आठवतं. मी खोटं बोलले. ती कापडाखालून म्हणाली, ‘दादा, आता माझा एक काढ ना.’ आणि तू म्हणालास, ‘प्लेट संपल्या. पुढच्या खेपेला.’”

स्वयंपाकघरात मामीच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. दारातून दिसणाऱ्या तिथल्या भिंतीवर उजेडाचे चौकोन पडले होते, आणि ती बिनतोंडाची बाई आपल्या जागी होती.

“तिथे कोणी नव्हतं,” मामा म्हणाला. “मालक जेवायला गेले होते. ती, मी आणि मांडीवर तू. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. हिलासुद्धा नाही.”

“माहीत आहे.”

“संपल्या नव्हत्या. एक प्लेट शिल्लक होती.”

“मग काढला का नाहीस?”

तो उत्तर द्यायला गेला आणि थबकला. त्याची मान किंचित तिरकी झाली, कडेच्या नजरेने काहीतरी बघत असल्यासारखी. “रांजणवाडी,” तो म्हणाला. “तिला रांजणवाडी आली होती. पापणी ही एवढी सुजलेली. सूज पेन्सिलीने सपाट होत नाही. मला वाटलं, बरी झाली की काढू, साफ येईल. तिला तसं सांगितलं असतं तर हिरमुसली असती, म्हणून म्हटलं, प्लेट संपल्या.”

“डाव्या डोळ्यावर,” मी म्हटलं.

“डाव्या,” मामा म्हणाला. “तू तेव्हाच सांगितलं होतंस, डावा ठणकतोय. म्हणून तर मी घाबरलो.”

माझा हात पेन्सिलीकडे गेला होता. “बोल. कापड काढल्यावर काय दिसलं?”

आणि मग ती आली. पापणी आधी आली, लाल, ताणलेली, आणि तिच्यामागून बाकीची आई. घामाने कपाळाला चिकटलेले केस. टाकीवरून पडली तेव्हाची खोक, भुवई तिथे तुटलेली. पुढच्या दाताचा टवका उडालेला, म्हणून हसताना वरचा ओठ दाबून धरायची खोड. नाकाचं हाड एका बाजूला झुकलेलं. “मोठे कान,” मामा म्हणाला, “फार मोठे. मी तिला चिडवायचो, वारा आला तर उडशील.” तो भरभर बोलत होता, मी भरभर काढत होते. काही वेळा मी काढून झाल्यावर तो सांगे. कानाच्या पाळीतला फाटका चर मी काढला तेव्हा तो त्याबद्दल बोललाच नव्हता. दोन मिनिटांनी बोलला. मी मान वर केली नाही. कामात असताना अशा गोष्टींकडे कानाडोळा करावा.

दोन तासांनी पुठ्ठ्यावर एक बाई होती. सुंदर मुळीच नव्हती. चिडलेली, घामेजलेली, एक डोळा अर्धा मिटलेला, आणि तरीही कोणीतरी आपल्याकडे बघावं म्हणून पुढे झुकलेली. मी तिला पहिल्यांदा बघत होते, आणि मला तिची ओळख पटली. मी तोंडावर हात ठेवून रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मामाने पुठ्ठा हातात घेतला. सरळ बघून त्याला काही दिसत नव्हतं. त्याने पुठ्ठा कानाजवळ धरला, डोळे दुसरीकडे वळवले आणि कडेने बघितलं. खूप वेळ. मग म्हणाला, “पेन्सिल दे.”

एकोणचाळीस वर्षांची सवय होती त्या हाताला. एक फटकारा, आणि पापणी सपाट. दुसरा, आणि भुवई जुळलेली. मामी दारातून म्हणाली, “अहो, नको.” मी पुठ्ठा ओढून घ्यायला हात पुढे केला, पण घेतला नाही. का ते सांगता येणार नाही. ती त्याचीही बहीण होती. मी पेन्सिल दिली.

त्याने बोटाने चाचपत डावा डोळा शोधला. “इथेच ना?” मी हो म्हटलं. त्याने टोक टेकवलं, आणि अगदी हलक्या हाताने, केसासारख्या बारीक रेघांनी, पापणीखालची सावली गडद केली. सूज वर उठून आली. दुखरी, खरी.

“कमी सुजवली होतीस,” तो म्हणाला. “जास्त होती.”

कोणाच्या चेहऱ्यावर डाग घालायची त्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

मग त्याने मामीला ट्रंकेच्या तळाचं पाकीट आणायला सांगितलं. काळ्या कागदात गुंडाळलेलं ते पाकीट लग्न झाल्यापासून घरात होतं आणि उजेडात उघडायचं नाही अशी मामीला सक्त ताकीद होती. या घरात येण्याआधी दोन घरं बदलताना तिने ते स्वतःच्या हातांनी नेलं होतं, आत काय आहे हे न विचारता. मामाने भर दुपारी खिडकीशी बसून ते फाडलं. मामी ओरडली, “अहो, उजेड!” तो म्हणाला, “असू दे. आता डेव्हलप करायचीच नाहीये.”

आत ती शिल्लक राहिलेली प्लेट होती. अठ्ठेचाळीस वर्षं न वापरलेली, सायीसारखी पांढरट. त्याने स्टुडिओतून आणून ठेवलेल्या बरणीतले हायपोचे खडे कोमट पाण्यात विरघळवले आणि प्लेट ताटलीत बुडवली. तोच आंबट वास घरभर झाला. कडेपासून पांढरेपणा निवळत आत आत गेला आणि शेवटी ताटलीत नुसतं पाणी आहे असं वाटावं इतकी ती स्वच्छ झाली. साधी काच. पुठ्ठाही हाफ साइजचा आणि काचही. एकावर एक ठेवल्यावर सुताचाही फरक नव्हता.

दोन्ही एका जुन्या चौकटीत बसवून चौकट खुर्चीवर उभी केली. मामीच्या शिवणयंत्रावर जे काळं कापड असायचं ते स्टुडिओतलंच होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मामाने ते मागून घेतलं, चौकटीवर टाकलं, समोर स्टुलावर बसला. मीही त्याच्या मागच्या खुर्चीत बसले, आणि बसल्याबरोबर मांडीवर ते ओझं आलं. इतकं स्पष्ट कधीच आलं नव्हतं. टाचा माझ्या गुडघ्याला लागत होत्या. मी दोन्ही हातांनी धरलं.

मामाने कापड ओढून काढलं. “इकडे बघ,” तो चौकटीला म्हणाला. “हलू नकोस. एक. दोन. तीन.”

खोलीत कोणी श्वास घेतला नाही.

“झालं,” मामा म्हणाला. “ऊठ आता.”

माझे हात रिकामे झाले. आपल्या मांडीवरून कोणी मूल उचलून घेतं तेव्हा जसं हलकं आणि गार वाटतं, अगदी तसं.

मामा त्यानंतर चार महिने जगला. चौकट माझ्या कामाच्या टेबलावर आहे. येणारे जाणारे म्हणतात, काय हो, मॉडेलचा डोळा बरा होईपर्यंत थांबायचं ना! मी म्हणते, थांबलो होतो. ते ओझं मात्र पुन्हा कधी आलं नाही. मी काम करताना मुद्दाम मांडी जुळवून बसते, बराच वेळ बसते. मला त्या ओझ्याची फार आठवण येते.